राधेचा साज दालनात उभा करताना

जुनं पोलकं हातात आलं की मी आधी ते उलटं करतो. सुलट बाजूला चमकी, जरीची पट्टी, बाह्यांना लावलेली झालर असते आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणूनच असते. उलट बाजूला त्या माणसाचा सगळा हिशेब असतो. बगलेत नंतर घातलेला चौकोनी तुकडा, कारण बाईच्या मापाच्या पोलक्यात पुरुषाचा दंड वर जात नाही. दोनदा उसवून पुन्हा मारलेली बाजूची शिवण. गळ्याला सफेद्याचा, म्हणजे चेहऱ्याला फासायच्या पांढऱ्या रंगाचा, चिकट डाग. छातीपाशी आतून शिवलेले दोन खिसे, कापडाचे गोळे बसवायला. लाखांदूरकडच्या एका राधेचं, म्हणजे लोकनाट्यात राधा होणाऱ्या पुरुषाचं, असं पोलकं माझ्याकडे आलं तेव्हा मी ते धुवायला काढलं. तो म्हातारा म्हणाला, "धुवू नको बापू. धुतलं तं मंग माहं का रायते त्यात?"

त्या दिवसापासून प्रदर्शनाच्या दालनात मांडायच्या ड्रॅगच्या पोशाखाबद्दल माझं एकच मत आहे: सुलट बाजू कुणीही चमकवतो, मांडणीत उलट बाजू दिसली पाहिजे. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच मताभोवती फिरतं. नागपुरात कलेचं शिक्षण घेऊन मी गावाकडे नाटक मंडळ्यांचे कपडे शिवत बसलो, त्यामुळे साधनं गावातली आहेत. वडसा, आरमोरी, साकोली, पवनी, ब्रह्मपुरी यांपैकी कुठेही मिळतील अशी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

ड्रॅग म्हणजे बाईपण किंवा पुरुषपण मुद्दाम ठळक करून, वाढवून, मिरवून दाखवणं. बालगंधर्वांचं काम वेगळं होतं. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) रंगमंचावर आले की प्रेक्षकाला पुरुष दिसूच नये, हा त्यांचा रोख. घरंदाज बायका त्यांच्या साडीची, अंबाड्याची नक्कल करत. ड्रॅगमध्ये उलट, आतला माणूस थोडा दिसला तरच गंमत. आपल्या विदर्भातल्या दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांतली राधा या दोन्हींच्या मधे उभी असते. ढोलकी, डफ, तुणतुणं सुरू झालं की ती राधाच. पण सगळ्या गावाला ठाऊक असतं की हा अमक्याचा मोठा पोरगा, आणि सोंगाड्या त्यावरच चार टोमणे मारतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, मोठ्या नाटकांत आता स्त्री कलाकार असतात, त्यामुळे पुरुषानं बाई होण्याची रीत उरली ती दंडार आणि खडी गंमतीतच. तिला ड्रॅग म्हणावं की नाही यावर वाद घालणारे घालोत. पोशाखाचे प्रश्न दोन्हीकडे सारखे आहेत: रुंद खांदे, सरळ कमर, उंच गळा आणि घाम.

आणखी एक. राधा करणारा माणूस घरी बाप असतो, आजोबा असतो. कुणी स्वतःला तृतीयपंथी म्हणवतो, कुणी समलैंगिक, कुणी यातलं काहीच नाही. ते आपण ठरवायचं नसतं, पाटीवर तर मुळीच लिहायचं नसतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि 2018 साली 377 कलमाखालून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. कायदा पुढे गेला. गावात मात्र 'नाच्या' हा शब्द अजून शिवीसारखा फेकला जातो. म्हणून कपडा मागायला जाल तेव्हा आधी हे विचारा की नाव लावायचं का, कोणतं, फोटो चालेल का. एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: कपडा किती दिवसांसाठी, भाडं किती, खराब झाला तर काय. भाडं द्याच. 'तुमची कला जगापुढे येईल' या वाक्यावर कुणाचं तेल-मीठ येत नाही.

पहिलं काम: जुना मांडायचा की नवा शिवायचा

रंगमंचावरचा पोशाख चाळीस-पन्नास फुटांवरून, पिवळ्या हॅलोजनखाली बघायला केलेला असतो. टिकल्या मोठ्या, रंग भडक, शिवण ढोबळ. तोच पोशाख दालनात दोन फुटांवर आला की गरीब दिसतो. हे पोशाखाचं अपयश नाही, अंतराचा फरक आहे. त्यामुळे माझा सल्ला असा की जुना कपडा हातच न लावता, आतली बाजू दिसेल असा मांडा, आणि त्याच्या शेजारी दोन फुटांवरून बघण्यासाठीच नवा पोशाख शिवा. जुन्याला नवी चमकी लावून 'सुधारायचा' मोह मलाही झाला होता. तो प्रकार म्हणजे आजीला लिपस्टिक लावून फोटोला बसवण्यासारखा.

नव्या पोशाखाला एक गोष्ट हवी. एकच. 'स्त्रीत्व', 'मुक्ती' असल्या मोठ्या शब्दांनी सुरुवात केली की हाती काही लागत नाही, पिसं तेवढी जमतात. मी ज्या लुगड्याचं उदाहरण देणार आहे त्याची गोष्ट अशी होती: राधा करणारा पोरगा दिवसा कापसाच्या वावरात राबतो. बस. त्यावरून पदर कशाचा करायचा ते आपोआप ठरलं.

कापड

विदर्भात राहून पॉलिस्टरच्या मागे कशाला जायचं? आपल्याकडे कोसा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर पोसलेल्या अळीचा, मधाच्या रंगाचा. आरमोरी, नागभीड, मोहाडीकडचं आंधळगाव इथले कोष्टी तो विणतात. त्यातल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही आहे. करवतीच्या दात्यांसारखा काठ आणि तो अंगाच्या कापडात गुंतवायला तीन धोट्यांनी केलेलं विणकाम. ड्रॅगच्या पोशाखाला हा काठ मला फार आवडतो. लांबून सोज्ज्वळ, जवळून दातेरी.

पण कोसा महाग, आणि जड कलाकुसर पेलत नाही. म्हणून अस्तर मांजरपाटाचं. मांजरपाट आणल्या आणल्या वापरू नका. त्याला खळ असते. धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात एकदा, मग साध्या पाण्यात दोनदा काढा. यानं कापड आटायचं ते आधीच आटतं, आणि खळही जाते. खळीचं कारण पुढे कळेल. ती चूक माझ्याच पदरात पडली.

अंगाखालचं अंग

आता सगळ्यात मोलाचा भाग, इथे थोडा वेळ थांबू. नवशिका खांदे लपवायला जातो. फुगीर बाह्या लावतो, आणि खांदे आणखी रुंद दिसतात. खांदे कमी करता येत नाहीत, म्हणून कुल्हे वाढवायचे असतात. डोळा माप मोजत नाही, प्रमाण मोजतो.

मी ज्याच्यासाठी शिवलं त्या पोराची मापं होती: खांदा साडेसतरा इंच, छाती 36, कमर 31, कुल्हे 35. कमरेला रुंद, आतून कडक काड्यांची हाडं घातलेला पट्टा बांधून ती 29 वर आणली. त्याहून आवळायच्या भानगडीत पडू नका. त्याला गायचं असतं, श्वास घ्यायचा असतो. कुल्हे 41 वर न्यायचे म्हणजे सहा इंच घेर वाढवायचा. त्यासाठी सोफा दुरुस्तीवाल्याकडून फोमचे दोन तुकडे आणा, प्रत्येकी साधारण दीड वीत लांब आणि दोन इंच जाड. मऊ फोम लुगड्याच्या काष्ट्याखाली चेपला जातो, फार कडक असला तर बसताना वर सरकतो. मधला घ्या.

कापण्यात सगळी कला आहे. जाडी फक्त बाजूच्या हाडावर ठेवायची, तिथून पुढे, मागे, वर, खाली कात्री तिरपी धरून कडा शून्यावर उतरवायच्या. आंब्याची फोड आठवा. कड जाड राहिली तर लुगड्यातून रेघ दिसते आणि सगळं सोंग उघडं पडतं. तुकडे जागेवर धरायला एकावर एक दोन लेगिंग घाला. पहिल्यानं फोम बसतो, दुसरीनं त्याच्या कडा मिटतात. जुने राधावाले हेच काम फाटक्या लुगड्याच्या घड्यांनी करत, आणि खरं सांगतो, घड्यांची ती कमर चालताना जास्त जिवंत हलते.

दालनासाठी मात्र फोमवर भरवसा ठेवू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, मग भुगा होतो, आणि तो भुगा रेशमाला चिकटतो. पोशाख ठेवायचा असेल तर आतलं भरण पिंजलेल्या कापसाचं करा. कापसात सरकी राहू देऊ नका, ती चेपली की तेलाचा डाग वर येतो. सरकीचे असे दोन डाग माझ्या पहिल्या कामावर आहेत. लोक विचारतात, हे मुद्दाम केलं का. मी हो म्हणतो.

बियाण्याच्या पाकिटांचा पदर

पोरगा कापसाच्या वावरातला, म्हणून टिकल्या बाजारातून आणल्या नाहीत. पेरणी झाल्यावर कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं धुऱ्यावर, नाल्यात, कुठेही पडलेली असतात. आतून चांदी, बाहेरून हिरवी-लाल छपाई. ऑफिसात कागदाला भोक पाडायचं साधं पंचिंग मशीन सहा मिलिमीटरची गोल टिकली पाडतं. एका बाजूला चांदी, दुसऱ्या बाजूला एखाद्या अक्षराचा तुकडा.

इथे खबरदारीचं बोलतो, आणि गंभीरपणे. कपाशीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, पाकिटात त्याची भुकटी उरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विदर्भात कुणी विसरलेलं नाही. पाकिटं गोळा करताना हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा. कापून उघडी करा, वेगळ्या बादलीत साबणाच्या पाण्यानं धुवा. ती बादली परत घरात वापरायची नाही, आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा गोठ्याकडे ओतायचं नाही. मुलांना या कामाला बसवू नका. फवारणीच्या औषधाचे डबे आणि त्यांची वेष्टनं तर उचलूच नका, फक्त बियाण्याची पाकिटं.

टिकली शिवायची रीत: सुईनं मधोमध भोक पाडा, खालून दोरा वर घ्या, टिकली ओवा, एक बारीक काचमणी ओवा, आणि त्याच भोकातून दोरा खाली न्या. मणी टिकलीला अडवून धरतो आणि दोरा दिसत नाही. माशाच्या खवल्यासारखी अर्ध्यावर अर्धी चढवत गेलं तर चौरस इंचाला तीसेक टिकल्या लागतात. माझा पदर 45 इंच रुंद होता आणि त्याचा दीड फूट भरला, म्हणजे जवळपास पंचवीस हजार. बचत गटातल्या चार बाया आणि मी एकत्र बसलो तरी साठेक तास लागले. त्यांना तासावर पैसे दिले, नगावर नाही. नगावर दिले की टाके सैल येतात. टिकल्यांना वजन जवळजवळ नसतंच, पदर जड होतो तो मण्यांनी. पाव किलोच्या वर गेला. म्हणून भरायच्या भागामागे मांजरपाटाचा थर आधी टाचून घ्या आणि सुई दोन्ही कापडांतून काढा. नुसत्या कोशावर शिवलं तर सहा महिन्यांत वजनानं धागे सरकतात आणि पदराला डोळे पडतात.

बायांपैकी एकीनं मधेच विचारलं, "हे नेसनार कोन?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग काठाले जरा ढील ठेव, तो मानूस ढांगा टाकत चालते." हे मला कलाशाळेत कुणी शिकवलं नव्हतं. काठ दर वितीला अर्धा इंच सैल टाचला. खरंच, नाहीतर पहिल्याच गिरकीत उसवला असता.

टोप, दागिने, रंगपेटी

यात फार वेळ घालवू नका. गंगावन खरं असेल तर उत्तम, नसेल तर काळ्या लोकरीचं करा आणि ती लोकर आहे हे दिसू द्या. पायातले चाळ पोशाखाबरोबर टांगू नका. त्यांच्या वजनानं कापड ओढलं जातं. खाली वेगळे ठेवा.

जुनी रंगपेटी हाती आली तर मात्र सांभाळून. पूर्वीच्या रंगभूषेत मुरदाडशिंग आणि हिंगूळ वापरत. एकात शिसं, दुसऱ्यात पारा. हातमोज्याशिवाय डबी उघडायची नाही, फुंकर मारायची नाही. झाकण काचेचं करून बंद मांडा. या लोकांनी वर्षानुवर्षं काय चेहऱ्याला फासलं हे तेवढ्यानंही कळतं.

उभा करायला सांगाडा

दुकानातले प्लास्टिकचे पुतळे बाईच्या घडणीचे असतात. त्यावर राधेचा पोशाख चढवला की सगळा मुद्दाच गेला. मग ते फक्त साडीचं दुकान. आतलं अंग पुरुषाचंच हवं. यासाठी बुरुडाकडे जा. टोपली विणतात तसं कामट्यांचं धड विणून घ्या, खांदा साडेसतरा इंची, छाती-कमर त्या माणसाच्या मापाची. डोकं, हात नकोत. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, तिचा सांगाडाही बांबूचाच असतो. ज्यानं तो बांधताना पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

बांबू पक्का हवा. कोवळ्याला किंवा चुकीच्या दिवसांत तोडलेल्याला घुण लागतो आणि पिवळी भुकटी झडते. कामट्या बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. विणून झाल्यावर वर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा, त्यावर धुतलेल्या मांजरपाटाचे दोन थर शिवा. कागद यासाठी की लाकूड-बांबूतून निघणारा आंबट वास आणि डाग रेशमापर्यंत जाऊ नये. साध्या टाचण्या आणि लोखंडी तारा टाळा, एका पावसाळ्यात गंजाचा ठिपका पडतो आणि तो निघत नाही. स्टेनलेस स्टीलच्याच टाचण्या घ्या, त्याही थोड्याच.

मी साज अर्धाच चढवतो. डावी बाजू पूर्ण: लुगडं, पदर, फुगवलेला कुल्हा. उजवी बाजू उघडी: पट्टा, कापसाचं भरण, लेगिंगची दुमड आणि त्याखाली बांबूचा पुरुषी खांदा. बघणारा समोरून येतो तेव्हा त्याला बाई दिसते, दोन पावलं बाजूला गेला की कारखाना. म्हणून सांगाडा भिंतीला कधीच टेकवायचा नाही, चारी बाजूंनी माणूस फिरला पाहिजे. पोशाखाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आत-बाहेर ठेवा, आणि चारही बाजूंना हातभर अंतरावर चुन्याची रेघ मारा. दोरी बांधली की लोक दोरीवर रेलतात. रेघ मात्र पाळतात, कबड्डीची सवय असते.

जागा

गावात दालन नसतं. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचं सभागृह, राईस मिलचं रिकामं गोदाम. माझं पहिलं प्रदर्शन गोदामात झालं. जागा प्रशस्त, छत उंच, पण कोंड्याची धूळ, धानातले सोंडे आणि उंदीर. तिसऱ्या रात्री उंदरांनी जुन्या परकराचा घेर कुरतडला. त्या परकराला आतून खळ लावून मीच कडक केला होता, म्हणजे उंदरांना जेवण वाढलं होतं. तेव्हापासून खळ नाही, गव्हाचा चीक नाही, लाह्या-फुटाण्याची दुकानं दाराशी नाहीत.

कपडे आत आणण्याआधी कीड मारायची. डांबरगोळ्या टाकू नका, वास माणसालाही त्रासदायक आणि प्लास्टिकच्या टिकल्यांनाही मारक. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरात, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दवानं कापड ओलं होतं. लाखेचे किंवा रोगण लावलेले दागिने यात घालू नका, तडकतात. कुल्फीवाल्याला आधी सगळं नीट सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या बायकोनं आइसकांडीच्या मधून राधेची वेणी बाहेर ओढली.

कधी भरवायचं हा खरा पेच. एप्रिल-मेमध्ये कलाकार थोडे मोकळे असतात, पण ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, पत्र्याखाली फोम नरम पडतो आणि माणसंही. पावसाळ्यात बुरशी. दिवाळीनंतर हवा उत्तम, पण मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यांच्या रात्रीची नाटकं-दंडारी सुरू होतात, आणि कलाकार हाती लागत नाही. मी तरी दिवाळीनंतरचेच दिवस धरतो. मंडईला आलेली माणसं आपोआप दालनात येतात. किंमत काय मोजावी लागते ते शेवटी सांगतो.

उजेड

रंगीत रेशमाला संग्रहालयात 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. आपण ज्या उजेडात पेपर वाचतो तो याच्या कितीतरी पट असतो. मोबाईलवर लक्स मोजणारं ॲप मिळतं, अंदाजाला पुरतं. गोदामाच्या खिडक्या आतून बारदान्यानं आणि त्यावर काळ्या कापडानं बंद करा. हॅलोजन नको, तो तापतो. छोटा, अरुंद झोताचा एलईडी पुरे.

एवढ्या कमी उजेडात टिकल्या मेलेल्या दिसतील अशी भीती वाटते. टिकली उजेडानं चमकत नाही, हालचालीनं चमकते. पोशाख हलत नाही, म्हणून बघणाऱ्याला हलवा. झोत वरून सुमारे तीस अंश तिरपा टाका आणि दालनाची वाट अशी ठेवा की माणूस पदराच्या बाजूनं चालत जाईल. त्याच्या चालीबरोबर चांदी लुकलुकत जाते. जिन्यात लावतात तो माणूस आला की पेटणारा सेन्सरचा बल्ब बसवला तर कपड्यावर एकूण उजेडही कमी पडतो. भारनियमनासाठी इन्व्हर्टर ठेवा. आमच्याकडे एकदा वीज गेली आणि पोरांनी मोबाईलच्या बॅटऱ्या पदरावर फिरवल्या. इतका सुंदर तो पदर आधी कधी दिसला नव्हता. पुढच्या वेळी मी तासातून एकदा दिवे मुद्दाम बंद केले.

पाटी आणि आरसा

पाटी तीन-चार ओळींची, ठसठशीत अक्षरांत. काय आहे, कशाचं आहे, कुणी शिवलं, कुणी नेसलं. 'पुरुष असूनही' हा शब्दप्रयोग खोडा. शिवणाऱ्या बायांची नावं, त्यांची हरकत नसेल तर, माझ्या नावाच्या वर. ढोलकीची ध्वनिफीत दिवसभर वाजवू नका, तिसऱ्या तासाला तिथे बसणाऱ्याला वेड लागतं.

उद्घाटनाला नारळ फोडण्यापेक्षा एक वेगळी गोष्ट करून बघा. ली बावरी नावाचा एक ऑस्ट्रेलियात जन्मलेला कलाकार लंडनमध्ये राहायचा. 1988 च्या ऑक्टोबरात तिथल्या अँथनी डॉफे गॅलरीत तो काही दिवस, रोज वेगळ्या पोशाखात, एकतर्फी आरशामागे बसला. प्रेक्षकांना तो दिसायचा, त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. पोशाख हीच कलाकृती, आणि नेसणारा त्यातच. आपल्याकडे हे स्वस्तात जमतं. मोठ्या काचेला गाड्यांच्या काचांना लावतात ती चकाकणारी फिल्म लावून घ्या, आतल्या बाजूला भरपूर उजेड, बाहेर अंधार. आत राधेला तिच्या रोजच्या सवयीनं साज चढवू द्या: आधी सफेदा, मग काजळ, पट्टा, भरण, पोलकं, लुगडं, सगळ्यात शेवटी टोप. दीड तास लागतो.

आम्ही हे केलं तेव्हा लोक गप्प होते. ज्या मंडईत याच माणसाला शिट्ट्या मारतात तीच माणसं. पट्टा आवळताना त्यानं श्वास ओढून धरला तसा बाहेर दोन-तीन जणांनी धरला. त्याला हे दिसत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, कुणी हसलं का. मी नाही म्हटलं, तर तो जरा नाराजच झाला. म्हणाला, "मंग का मजा?" या कलाकाराचे पैसे आदल्या दिवशी द्या, हार-तुरे नंतर.

उतरवताना

कपडे घडी करून ठेवू नका, घडीवर रेशीम फाटतं. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळी करा, टिकल्या बाहेरच्या बाजूला. कडुलिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत, कापडाला न लागेल असा. लोखंडी पेटी जमिनीवर नाही, विटांवर, उदईपासून, म्हणजे वाळवीपासून, दूर. पावसाळ्यानंतर एकदा उघडून सावलीत हवा द्या.

आणि ती किंमत. प्रदर्शनाच्या पाचव्या दिवशी लाखांदूरकडचा तो म्हातारा आला आणि पोलक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे लागते. मंडई हाय." कागदावर दहा दिवस लिहिलं होतं, सही त्याचीच होती. मी टाचण्या काढल्या आणि पोलकं दिलं. रिकाम्या सांगाड्याला पाटी लावली: 'पोशाख मंडईला गेला आहे, परवा येईल.' त्या दोन दिवसांत त्या उघड्या बांबूपाशीच सगळ्यात जास्त गर्दी होती. तुम्ही करारात ही अट आधीच घालून ठेवा, आणि पाटीही आधीच रंगवून ठेवा. पोलकं परत आलं तेव्हा डाव्या बाहीला नवा, ओला सफेद्याचा डाग होता. तसंच चढवलं.